गोधडीची भिशी: गल्लीतला भरतकाम आणि शिवणकामाचा गट कसा चालवावा

भरतकामाचे वर्ग उत्साहाने सुरू होतात आणि बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांत ओसरतात. शिकवणारी एक आणि शिकणाऱ्या वीस अशी रचना असली की पहिले दहा टाके येईपर्यंत सगळ्या येतात, मग ज्यांना ते आधीच येत होते त्या कंटाळतात आणि ज्यांना येत नाहीत त्या संकोचतात. गट टिकवायचा असेल, तर शिकवण्याऐवजी सर्वांच्या हाताखाली एकच सामाईक वस्तू असावी, आणि महाराष्ट्रात त्यासाठी गोधडीइतकी योग्य वस्तू दुसरी नाही. गोधडीला नवे कापड लागत नाही, धावदोरा (साधा सरळ टाका) येत असला की तिच्या कामाला बसता येते आणि मुख्य म्हणजे चार-सहा जणी एकाच वेळी तिच्याभोवती काम करू शकतात.

अशा गटाची रचना भिशीसारखी ठेवावी. भिशीत पैसे जमतात, येथे श्रम जमतात: एका फेरीत एका सभासदाच्या घरची गोधडी सर्वांनी मिळून शिवायची, आणि पुढची कोणाची हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. जिची चिठ्ठी निघेल तिने कापड आणि दोरा पुरवावा, बाकीच्यांनी हात द्यावेत. आपली पाळी यायची आहे किंवा येऊन गेली आहे, या दोन्ही गोष्टींमुळे माणसे येत राहतात. पाळी झाल्यावर येणे बंद करणारी एखादी निघतेच, म्हणून पहिल्याच दिवशी निदान एक पूर्ण आवर्तन, म्हणजे प्रत्येकीची एकेक पाळी, होईपर्यंत यायचे असे सर्वांसमोर ठरवून घ्यावे.

सुरुवातीला दहा ते बारा जणी पुरेत. जागा निवडताना खुर्च्यांपेक्षा जमीन पाहावी. गोधडी अंथरण्यासाठी दोन मीटरपेक्षा लांब, स्वच्छ आणि सपाट फरशी हवी आणि भोवती बसायला जागा हवी. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, सोसायटीचे सभागृह किंवा वाड्याची मोठी ओसरी चालते. उजेड डाव्या बाजूने येईल असे बसावे, डावखुऱ्यांनी उलट बसावे. जेवणे आटोपल्यावर दुपारी दोन ते साडेचार ही वेळ बहुतेक घरांना सोयीची असते. गोधड्या शिवण्याचे काम पूर्वीपासून उन्हाळ्यात होत आले आहे, कारण तेव्हा शेतात काम कमी असते आणि कापडे धुऊन खडखडीत वाळवता येतात. गटाचा प्रारंभही शक्यतो फाल्गुन-चैत्रात करावा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी दोन-तीन गोधड्या हातावेगळ्या होतात आणि पावसाळ्याचे चार महिने भरतकामाला मिळतात.

कापडाची निवड

गोधडीचे यश टाक्यांपेक्षा कापडावर अधिक अवलंबून असते, म्हणून पहिली बैठक पूर्णपणे कापड निवडण्यासाठी ठेवावी. सर्वांनी घरातली जुनी लुगडी, साड्या, धोतरे, चादरी धुऊन आणाव्यात आणि प्रत्येक कापड उजेडासमोर धरून पाहावे. विरलेला भाग लगेच दिसतो. तो भाग काढून टाकावा, कारण बाकीचे कापड कितीही चांगले असले तरी गोधडी तिथूनच फाटायला लागते. मात्र वापरून मऊ झालेले आणि विरलेले यांत फरक करावा. मऊ सुती लुगडे हे गोधडीसाठी सर्वोत्तम कापड आहे, त्यातून सुई सहज जाते आणि अंगाला ते टोचत नाही.

कापड सुती आहे की नाही याविषयी शंका असल्यास त्याचा एक धागा काढून, लहान मुलांपासून दूर, वाटीत पाण्याशेजारी जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते, तर पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. कृत्रिम धाग्याची साडी आतल्या थरात घालू नये. ती सरकते, घाम शोषत नाही आणि वरचे सुती कापड तिच्यावर सुरकुतते. रंग जाणाऱ्या कापडांसाठी पांढरे फडके ओले करून कापडावर घासावे. रंग उतरला, तर ते कापड वेगळे ठेवावे; एकदा गोधडीत गेलेला कच्चा लाल रंग पहिल्या धुण्यातच सगळ्या गोधडीचे वाटोळे करतो. नवे कोरे कापड वापरायचेच असेल, तर खळ जाईपर्यंत आधी धुऊन घ्यावे, म्हणजे ते शिवल्यानंतर आटणार नाही. जरीचे काठ कापून बाजूला ठेवावेत. ते अंगाला टोचतात, तोरणाला मात्र शोभतात.

मापाचा आणि दोऱ्याचा हिशेब

एका माणसाच्या गोधडीचे तयार माप साधारण दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब धरावे. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे 8.2 मीटर आणि पन्हा (रुंदी) सुमारे सव्वा मीटरच्या आत असतो. त्याचे 1.6 मीटरचे चार तुकडे कापून, दोन-दोन तुकडे लांब कडेला जोडले की गोधडीचे वरचा आणि खालचा असे दोन्ही पदर, म्हणजे थर, एकाच लुगड्यातून निघतात आणि वर पावणेदोन मीटरच्या आसपास कापड उरते. साडेपाच मीटरच्या सहावारीतून मात्र एकच पदर मिळतो, म्हणून दोन साड्या लागतात. कडेची शिलाई आणि टाक्यांमुळे येणारा आखडपणा यांत काही सेंटिमीटर जातात. ते धरूनच हे माप दिले आहे.

दोन ओळींत एका बोटाचे, म्हणजे सुमारे 2 सेंटिमीटरचे, अंतर ठेवले तर दीड मीटर रुंदीत 75 ओळी बसतात आणि प्रत्येकी 2.1 मीटर धरल्यास एकूण शिवण 157 मीटरच्या पुढे जाते. ओळी सरळ घातल्या किंवा चौकटीत फिरवल्या तरी हिशेब जवळजवळ तोच राहतो. दोरा याच्या दीडपट, म्हणजे सुमारे 240 मीटर, आणून ठेवावा. हा आकडा पहिल्याच दिवशी सर्वांना सांगणे आवश्यक आहे. ‘चार दिवसांत होईल’ अशा समजुतीने बसलेली माणसे दुसऱ्या आठवड्यात खट्टू होतात. प्रत्येकीने एका बैठकीत आपली किती शिवण होते ते टेपाने मोजावे आणि त्यावरून गोधडीला किती बैठका लागतील याचा अंदाज बांधावा.

ठिगळावरचे भरतकाम

भरतकाम हे गोधडी शिवण्याआधी, एकेरी कापडावर करावे. सगळे पदर एकत्र झाल्यावर कापड ताणून धरणारी रिंग बसत नाही आणि मागच्या गाठी लपवता येत नाहीत. सर्वांचे हात एका गोधडीत यावेत यासाठी प्रत्येकीने एक ठिगळ भरून द्यावे: कापलेले माप 23 सेंटिमीटर चौरस, तयार माप 20. बारा जणींची बारा ठिगळे तीन गुणिले चार अशी जोडली की 60 बाय 80 सेंटिमीटरचा मधला भाग तयार होतो, आणि तो वरच्या पदराच्या मध्यावर बसवता येतो.

पहिल्या ठिगळात धावदोरा, उलटा टाका, साखळी टाका आणि गाठीचा टाका एवढेच असावेत. एवढ्यात तुळशीवृंदावन, कोयरी, मोर, पाळणा सर्व काढता येते. भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. त्यांतले दोन किंवा तीनच एका वेळी सुईत घ्यावेत, नाहीतर टाका जाड आणि ओबडधोबड दिसतो. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. नवख्या माणसाला सुई पुन्हा ओवण्याचा कंटाळा येतो, म्हणून ती दोरा लांब घेते आणि मग गुंता सोडवण्यात त्याच्या दुप्पट वेळ घालवते.

नक्षी उतरवण्यासाठी खाका ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत सोयीची आहे, कारण एकच कागद बारा जणींना पुरतो. बटर पेपरवर नक्षी काढून रेषेवर सुईने जवळजवळ छिद्रे पाडावीत, कागद कापडावर घट्ट धरावा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने वरून फिरवावी. गडद कापडासाठी निळीऐवजी झिंकची पांढरी पूड घ्यावी. बोळा जवळजवळ कोरडा असावा, ओला असल्यास रेषा फुटतात. हे काम विस्तवापासून दूर आणि खिडक्या उघड्या ठेवून करावे. रॉकेल मिळत नसल्यास पिवळ्या कार्बन पेपरने काम भागते.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या सीमेलगतच्या भागांत गटातल्या एखाद्या वयस्कर बाईंना कशिदा येत असण्याची शक्यता असते. इरकली चंद्रकळेवर (काळ्या साडीवर) शोभणारा हा कर्नाटकी कशिदा धागे मोजून, नक्षी न उतरवता आणि गाठ न मारता भरतात. त्यातले गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी हे चार टाके शिकायला दुसरे आवर्तन राखून ठेवावे. मोजणीची सवय नसलेल्यांनी आधी मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका गिरवावा, कारण त्या कापडात घरे आयती दिसतात. हे पहिल्या आवर्तनात घुसवण्याचा मोह टाळावा.

पदर लावणे आणि टाके घालणे

खालचा पदर उलटी बाजू वर करून अंथरावा, ताणून चारही कडांवर वजने ठेवावीत. त्यावर आतली कापडे पसरावीत. आतले तुकडे एकमेकांवर चढवू नयेत, कडेला कड भिडवावी, कारण चढलेल्या जागी वळ येतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो नेमका सापडतो. एका थरातला जोड दुसऱ्या थरातल्या जोडावर येऊ देऊ नये. पुण्या-मुंबईसाठी एकूण चार पदर पुरतात, घाटमाथ्यावर सहापर्यंत जावे. त्यापुढे सुई ओढताना बोटे दुखतात आणि टाका खालपर्यंत पोहोचत नाही. शेवटी वरचा पदर घालून मध्यापासून कडेकडे हाताने सुरकुत्या काढाव्यात आणि मग वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत.

कच्च्या टाक्यांचा आळस केला, तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. अनेक घरांत गोधडी कडेपासून आत चौकटीत शिवत नेतात, आणि त्या पद्धतीत सैल कापड मध्याकडे ढकलले जाऊन तिथे फुगा येतो. कच्चे टाके पक्के असतील, तर ही पद्धत गटाला सर्वांत सोयीची आहे, कारण चार बाजूंना चार जणी बसू शकतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रियाही आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून आतच शिवतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेले असे मानले जाते. सिद्दी स्त्रिया कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या रंगीत तुकड्यांचे फूल लावतात. आपल्या गोधडीला ते परके दिसणार नाही.

कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. घट्ट हाताची बाजू आखडते आणि गोधडी वाकडी होते. त्यावर समजावणीने फारसा उपयोग होत नाही. दर बैठकीला जागा बदलाव्यात, म्हणजे चारही बाजूंना सगळे हात लागतात. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा, पण तो सर्वत्र सारखा असण्यावर अधिक भर द्यावा. गाठ पदरांच्या आत ओढून घ्यावी. शेवटी चारी कडांना गोट लावावा आणि त्यानंतरच कच्चे टाके काढावेत.

सुयांची मोजदाद हा एकच नियम मात्र कठोरपणे पाळावा. बैठकीच्या आरंभी सुया मोजून द्याव्यात, शेवटी मोजून घ्याव्यात, आणि एक जरी कमी भरली तरी चुंबक फिरवून ती सापडेपर्यंत गोधडीची घडी घालू नये. विशेषतः बाळाच्या दुपट्याच्या बाबतीत यात हयगय नको.

मागणी आणि पैसा

एक आवर्तन पूर्ण झाले की बाहेरून विचारणा सुरू होते. बारशासाठी दुपटे आणि कुंची, लग्नात रुखवतासाठी भरलेले रुमाल आणि तोरणे, आणि नवरात्रापूर्वी दसरा काढताना फाटक्या निघालेल्या गोधड्यांची दुरुस्ती, या तीन कामांवर गट वर्षभर चालू शकतो. दुपट्यापासून सुरुवात करावी. मीटरभर चौरसाचे ते काम लवकर संपते आणि किंमत सांगणेही सोपे जाते. किंमत ठरवताना कापड, दोरा आणि तासांची मजुरी वेगवेगळी लिहावी. गोधडी जुन्या कापडाची म्हणून स्वस्त असावी, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. त्याला शिवणीचे मीटर सांगावेत. ओळखीच्या घराला मजुरी सोडून देण्याची प्रथा पडली, तर गटातल्या ज्या बाईला त्या पैशांची खरी गरज आहे ती आधी बाहेर पडते.

व्यवहार नियमित झाल्यावर बचत गट म्हणून नोंद करणे हिताचे असते. दहा ते वीस सभासदांचा गट त्यात बसतो. ग्रामीण भागात ‘उमेद’ हे राज्याचे जीवनोन्नती अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांच्यामार्फत मार्गदर्शन मिळते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी ही पंचसूत्री तिथे तपासली जाते, म्हणून हजेरी आणि हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. ‘उमेद’चे महालक्ष्मी सरस प्रदर्शन किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशा ठिकाणी विक्रीला जायचे असेल, तर निदान एक भरलेले दुपटे, एक पूर्ण गोधडी आणि टाक्यांची नमुनापट्टी विकायची नाही असे ठरवून बाजूला ठेवावी, म्हणजे मागणी नोंदवताना गिऱ्हाइकाला बोट ठेवून निवडता येते.