कार्बनचं वय विचारा

पूर्वी आठवीच्या वर्गात मी कार्बनचक्र फळ्यावर बाण काढून शिकवायचे. मुलं आकृती हुबेहूब उतरवायची, गुणही मिळवायची. पण "झाडाचं लाकूड कशापासून बनतं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मातीपासून, बाई." तेव्हापासून मी हा पाठ चुन्याच्या डबीपासून सुरू करते. घरी आपल्या मुलांसोबत तुम्हालाही तो सहज करता येईल.

आदल्या रात्री लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा चुना ढवळा आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवा. सकाळी गाळ तळाशी बसलेला असतो. वरचं नितळ पाणी न हलवता अलगद ओतून घ्या. हीच चुन्याची निवळी. ती डोळ्यांत किंवा तोंडात जाता कामा नये, म्हणून मुलांना आधीच बजावा: नळीतून फक्त फुंकायचं, ओढायचं नाही.

अर्धा पेला निवळीत सरबताच्या नळीने सावकाश फुंकायला सांगा. थोड्याच वेळात पाणी ताकासारखं पांढरं होतं. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याशी संयोग पावून खडूसारखा पदार्थ तयार केला. दुसरी वाटी निवळी भरून नुसतीच उघडी ठेवा. काही तासांनी तिच्यावर दुधावर धरते तशी पातळ साय दिसेल. ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने धरली. मुलं वाकून बोटाने ती साय मोडून बघतात, आणि एरवी न दिसणारा हा वायू त्यांच्यासाठी खरा होतो. (बोट लगेच धुवायला लावा.)

आता विचारा: तुमच्या श्वासातला कार्बन आला कुठून? दुपारी खाल्लेल्या भातातून. भातात कुठून आला? इथे घाई करू नका, मुलांना अडखळू द्या. मातीने रोपाला पाणी आणि क्षार दिले, पण कार्बन पानांनी हवेतून घेतला. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं आणि तो सगळा एके काळी हवेत होता. अंगणातल्या फणसाकडे बोट दाखवून मी म्हणते, "ही हवाच उभी आहे." वर्ग क्षणभर गप्प होतो. माझ्या मते अख्ख्या पाठात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

मग एखादा मुलगा हमखास विचारतो, "म्हणजे आपल्या श्वासामुळेही पृथ्वी तापते का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्यावर मुलांना एकच सवय लावा: प्रत्येक कार्बनचं वय विचारायचं. भातातला कार्बन गेल्या पावसाळ्यात हवेतून आला होता, आज श्वासातून परत गेला. जमाखर्च बरोबर. चुलीतल्या लाकडातला काही वर्षांपूर्वीचा. तोडलेल्या जागी पुन्हा झाड वाढलं तर तोही फिटतो, नाही वाढलं तर उधारी राहते. पण चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा? त्या झाडांनी हवेतून कार्बन घेतला त्याला 25 कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. जमिनीखालची ही जुनी ठेव आपण दोन-अडीचशे वर्षांत उपसून हवेत सोडतो आहोत. झाडं आणि समुद्र मिळून त्यातला साधारण निम्मा भाग परत घेतात, उरलेला हवेत साठतो.

स्कूटरचं उदाहरण मुलांना लगेच पटतं. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण ते जळल्यावर सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वजन वाढलं कसं? कार्बनच्या 12 भागांना हवेतला ऑक्सिजन 32 भाग येऊन चिकटतो.

तापमानाचं सांगायला गोधडी पुरते. गोधडी स्वतः गरम नसते, अंगातली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. कार्बन डायऑक्साइडही जमिनीतून वर जाणारी उष्णता तशीच अडवतो. हा वायू उन्हात साध्या हवेपेक्षा जास्त तापतो, हे युनिस फूट या अमेरिकन बाईंनी 1856 मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. वाफेवर चालणारे कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दर 10 लाख रेणूंमध्ये या वायूचे सुमारे 280 रेणू होते. 1958 मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ते 315 च्या आसपास होते, आता 420 च्या वर गेले आहेत. ओझोनचं छिद्र हा वेगळा विषय आहे. मुलं दोन्हींची सरमिसळ करतात, ती तिथल्या तिथे सोडवा.

शेवटी पांढऱ्या झालेल्या पेल्यात आणखी बराच वेळ फुंकत राहायला सांगा. पाणी पुन्हा नितळ होऊ लागतं, कारण जादा कार्बन डायऑक्साइडने तो खडू विरघळतो. समुद्र हवेतला कार्बन पितो तेव्हा त्याचंही पाणी किंचित आम्लाकडे झुकतं, आणि तिसऱ्या, कालवं अशा शिंपल्यात राहणाऱ्या जिवांना आपला शिंपला बांधणं कठीण होऊ लागतं. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या आया ओहोटीला तिसऱ्या काढायला जातात. त्या मुली हा पेला सगळ्यात जास्त वेळ हातात धरून बघतात.

घरी तिसऱ्यांचं कालवण झालं की एक शिंपला राखून ठेवा. त्यावर लिंबू पिळा आणि बुडबुडे येताना मुलांना कान लावायला सांगा. मग विचारा, या बुडबुड्यांतल्या कार्बनचं वय काय?