मोनाझाइटच्या वाळूतलं थोरियम गॅमा वर्णपटावरून कसं मोजायचं

केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट असतं, आणि त्यात थोरियम. तिचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण आले याचा आलेख) शिखरांनी इतका गजबजलेला असतो की एकाच शिखरावरून निष्कर्ष काढला तर तो हमखास अंगाशी येतो.

नमुना 105 ते 110 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, हवाबंद डब्यात काठोकाठ भरा आणि चार आठवडे ठेवा. रेडियमपासून निघणाऱ्या रेडॉन-222 या वायूचा अर्धायुकाल 3.8 दिवसांचा आहे, चार आठवड्यांत त्याचा रेडियमशी समतोल बसतो. तो निसटला तर त्याच्यापासून बनणारं बिस्मथ-214 कमी भरतं आणि त्यावरून काढलेलं रेडियमही.

ऊर्जेची पट्टी सीझियम-137 (661.7 केईव्ही, म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) आणि कोबाल्ट-60 (1173.2 व 1332.5) यांवर लावा. कार्यक्षमता (निघालेल्या किरणांपैकी किती शिखरात मोजले जातात) मात्र त्याच आकाराच्या डब्यात, तितक्याच उंचीपर्यंत भरलेल्या प्रमाणित नमुन्यावरूनच काढा. जड वाळू कमी ऊर्जेचे किरण स्वतःच गिळते, त्यामुळे 238.6 च्या (शिसे-212) शिखरावर घनतेची दुरुस्ती लागतेच.

थोरियम त्याच्या विघटनातून बनणाऱ्या मूलद्रव्यांवरून मोजतात: 911.2 (ॲक्टिनियम-228) घ्या आणि 583.2 (थॅलियम-208) शी ताडून पाहा. 583.2 चं उत्सर्जन थॅलियमच्या दर विघटनामागे 85 टक्के असलं, तरी बिस्मथ-212 पैकी फक्त 36 टक्के थॅलियमकडे जातं. म्हणून थोरियमसाठी आकडा 30.5 टक्के धरायचा. 85 टक्केच धरण्याची चूक फार जण करतात. तरीही थॅलियम कमी येत असेल, तर डबा डिटेक्टरला अगदी चिकटलेला आहे का ते आधी पाहा. 583 आणि 2614 चे किरण एकाच वेळी आत शिरले की दोन्ही शिखरांतून मोजणी गळते.

उदाहरणार्थ, 911.2 वर निव्वळ 38,700 मोजणी, कार्यक्षमता 1.5 टक्के, उत्सर्जन 25.8 टक्के, लाइव्ह टाइम (डिटेक्टर प्रत्यक्ष मोजत होता तो वेळ) 10,000 सेकंद, वजन 0.5 किलो:
38,700 ÷ (0.015 × 0.258 × 10,000 × 0.5) = 2,000 बेकरेल प्रति किलो.

आता पोटॅशियम-40. त्याच्या 1460.8 ला ॲक्टिनियमचं 1459.1 चिकटलेलं असतं, आणि जर्मेनियम डिटेक्टरलाही ती वेगळी करता येत नाहीत. वरच्या नमुन्यात त्यामुळे दीडशेच्या आसपास बेकरेल प्रति किलो खोटं पोटॅशियम दिसेल. ते वजा करा. 186 केईव्हीचं शिखर तर रेडियमसाठी वापरूच नका, युरेनियम-235 त्यातच मिसळलेलं असतं.

भिंतींतूनही 1460.8 आणि 2614.5 येतात. रिकाम्या डब्याची मोजणी निदान नमुन्याइतकाच वेळ घ्या आणि शिखरनिहाय वजा करा.