गल्ल्यावरच्या दानपेटीचा पैसा कुठे जातो: किरकोळ विक्रेत्यांसाठी मार्गदर्शन

ब्रिटनमधील एखाद्या दुकानात शाम्पूच्या बाटलीवर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असे छापलेले असते आणि त्याच दुकानाच्या गल्ल्यावर वैद्यकीय संशोधनासाठी दानपेटी ठेवलेली असते. पेटीतील पैशाचा काही भाग प्रयोगशाळेतील उंदरांवरील प्रयोगांसाठी जाऊ शकतो, हे बाटली विकत घेणाऱ्याच्या मनातही येत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्यांसाठी परवाने देणे तेथील सरकारने १९९८ मध्ये थांबवले. वैद्यकीय संशोधनासाठीचे प्रयोग मात्र १९८६ च्या कायद्याखाली परवाना घेऊन चालतात. कायद्याला यात विसंगती दिसत नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र दुकानावर असतो, म्हणून या दोन्ही गोष्टींचा खुलासा करण्याची जबाबदारी विक्रेत्याचीच आहे.

जिची पेटी ठेवायची ती धर्मादाय संस्था निवडण्यापूर्वी तिचे संशोधनविषयक धोरण वाचावे. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन आणि कॅन्सर रिसर्च यूके या संस्था आपण प्राण्यांवरील संशोधनाला पैसा देतो हे स्वतः उघडपणे सांगतात. तेव्हा ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब विक्रेत्याला शोभणारी नाही. अहवालात ‘संशोधन’ एवढाच मोघम शब्द असेल, तर लेखी प्रश्न विचारावेत: प्रयोग कोणत्या प्राण्यांवर होतात, परदेशातील प्रयोगांनाही अनुदान दिले जाते का, आणि मानवी पेशी, ऊती किंवा संगणकीय प्रारूपे वापरणाऱ्या पद्धतींवर किती खर्च होतो? ब्रिटिश व्यवस्थेत प्राण्याला झालेल्या त्रासाची सौम्य, मध्यम, तीव्र अशी श्रेणी प्रयोगानंतर नोंदवावी लागते, त्यामुळे तीव्र श्रेणीतील कामाला संस्था पैसा देते का, हा प्रश्न अवाजवी ठरत नाही. उत्तर टाळणाऱ्या संस्थेची पेटी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतरचा निर्णय अधिक अवघड आहे. अनेक विक्रेते आपली देणगी परिचारिका, रुग्णांचे समुपदेशन किंवा रुग्णालयातील उपकरणे यांच्यासाठीच राखून ठेवण्याची अट घालतात. इंग्लंड व वेल्समध्ये अशा अटीवर मिळालेला निधी संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, त्यामुळे या अटीला निश्चित अर्थ आहे. तरीही परिचारिकांचा खर्च तुम्ही उचललात, तर त्यासाठी संस्थेने बाजूला ठेवलेला पैसा मोकळा होतो आणि तो प्रयोगांकडे जाऊ शकतो. म्हणून ‘आमचा पैसा अमुक सेवेसाठी राखीव आहे’ एवढेच म्हणावे. प्रयोगांशी आपला काहीच संबंध नाही असा दावा करू नये. ज्यांना तोही संबंध नको असेल, त्यांनी रुग्णसेवेपुरतेच काम करणारी किंवा १९७० मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅनिमल फ्री रिसर्च यूकेसारखी, प्राण्यांविना होणाऱ्या संशोधनालाच अनुदान देणारी संस्था निवडावी.

विक्रीतील वाटा संस्थेला देण्याची जाहिरात करणाऱ्या दुकानाने त्या संस्थेशी लेखी करार करावा आणि किती रक्कम जाणार हे गिऱ्हाइकाला सांगावे, असे इंग्लंड व वेल्समध्ये १९९२ चा धर्मादाय कायदा सांगतो. रक्कम सांगितली की कायद्याचे समाधान होते. नैतिक जबाबदारी त्यापुढे सुरू होते. ‘ही संस्था ज्या संशोधनाला पैसा देते, त्यातील काही प्राण्यांवर केले जाते’ हे एक वाक्य पेटीवर, वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावे. ज्या कर्मचाऱ्याला हे मान्य नाही, त्याला गिऱ्हाइकाकडे देणगी मागण्याची सक्ती करू नये.

भारतातील मोठ्या विक्री साखळ्यांपुढेही हा प्रश्न येतो, कारण कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सामाजिक दायित्वाच्या खर्चासाठी आरोग्यसेवा आणि प्राणिकल्याण हे दोन्ही विषय आहेत आणि एकच समिती दोन्हींसाठी निधीची शिफारस करू शकते.

करार दरवर्षी पुन्हा तपासावा. संस्था बदलायची ठरली, तर मुदत संपण्याच्या पुरेशी आधी तिला कळवावे, म्हणजे त्या पैशावर चालणारी रुग्णसेवा मध्येच बंद पडणार नाही.