तोल सांभाळायचा असेल तर आधी पावले तपासावीत

घरातील वयस्कर व्यक्ती पडली की चर्चा होते ती ओल्या फरशीची, अंधाऱ्या जिन्याची किंवा चष्म्याच्या नंबराची. ही कारणे खरीच असतात. परंतु शरीराचा जो भाग जमिनीला प्रत्यक्ष टेकतो, त्या पावलाची पाहणी करण्याचे क्वचितच कोणाला सुचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठी उलटलेल्यांची संख्या सर्वांत मोठी असते. तरीही पडणे हा वयाचा भागच आहे, असे समजून गप्प बसण्याचे कारण नाही. पडण्यामागची बरीच कारणे दुरुस्त करता येतात आणि त्यांतली काही तर पायमोजे काढल्याबरोबर दिसतात.

प्रत्येक पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात, मात्र पावलाचे काम केवळ वजन पेलण्याचे नाही. जमिनीचा उतार, तिचा खडबडीतपणा आणि शरीर कोणत्या बाजूला कलते आहे, याची खबर तळव्याची त्वचा आणि घोट्याभोवतीचे स्नायू क्षणोक्षणी मेंदूला देत असतात. त्या खबरीवरूनच पुढचे पाऊल सावरले जाते. वय वाढते तशी टाचेखालची आणि चवड्याखालची चरबीची गादी पातळ होते, हाडांना एकमेकांशी जोडणारे अस्थिबंध सैलावल्याने पाऊल पसरट आणि काहीसे लांब होते, बोटे वाकू लागतात आणि स्पर्शाची जाणीव बोथट होत जाते. त्यातच पाऊल दुखत असेल तर माणूस नकळत पावले आखूड टाकतो, दुखरी बाजू वाचवत चालतो आणि एकदा तोल गेला की अशा चालीत सावरणे कठीण होते.

या दुखण्याचा आणि पडण्याचा संबंध किती जवळचा आहे, हे ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासातून दिसले. पावलांच्या दुखण्यामुळे हालचालींवर मर्यादा आलेल्या ३०५ ज्येष्ठांचा त्यात समावेश होता आणि तो २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पाय-उपचारांना योग्य पादत्राणे, बुटात घालायचे आधार आणि घोट्या-पावलांचे घरी करायचे व्यायाम यांची जोड ज्या गटाला मिळाली, त्या गटात पडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. यांपैकी एकही उपाय खर्चिक शस्त्रक्रियेचा नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पाहणी आणि स्पर्शाची चाचणी

पावलांची पाहणी रोज, ठरावीक वेळी आणि चांगल्या उजेडात करावी. अंघोळीनंतर पाय पुसताना ती केल्यास विसर पडत नाही. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून तळवा पाहावा, किंवा घरातील कोणाची तरी मदत घ्यावी. बेचक्यांमधल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, लालसर चट्टा, फोड, सूज, काळसर पडलेले नख आणि दोन्ही पावलांच्या तापमानातील फरक या गोष्टी पाहायच्या असतात. पायमोजे फिकट रंगाचे वापरल्यास न दुखणाऱ्या जखमेतून आलेले रक्त किंवा पू त्यावर लगेच दिसतो. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही पाहणी चुकवू नये, कारण बधिर पावलाला बुटातला खडाही टोचत नाही आणि जखम लक्षात येईपर्यंत ती चिघळलेली असते.

स्पर्शाची जाणीव शाबूत आहे की नाही, हे घरच्या घरी तपासण्याची एक सोपी पद्धत इंग्लंडमधील इप्सविच येथे विकसित झाली. त्या व्यक्तीला आडवे झोपवून डोळे मिटायला सांगावे आणि स्पर्श जाणवताच ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे म्हणायला सांगावे. मग दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने, एक-दोन सेकंद, अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टिचकी मारू नये, आणि जाणवले नाही म्हणून त्याच जागी पुन्हा स्पर्श करून संधी देऊ नये. प्रेमापोटी नेमकी हीच चूक होते आणि चाचणी निरुपयोगी ठरते. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी.

त्वचा, नखे आणि कुरूप

पाय कोमट पाण्याने धुवावेत आणि पाण्याची ऊब पायाने नव्हे तर कोपराने किंवा थर्मामीटरने पाहावी, कारण बधिर पाय भाजल्याचे सांगत नाही. पाय फार वेळ भिजत ठेवल्याने त्वचा उलट अधिक कोरडी होते. धुतल्यानंतर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. टाचांना आणि तळव्यांना मलम किंवा क्रीम लावावे, पण बेचक्यांत लावू नये, कारण तिथे ओल साचून बुरशी वाढते. मलम लावून लगेच फरशीवर चालणे म्हणजे घसरण्याला निमंत्रण देणे आहे. म्हणून ते बसून लावावे आणि ते जिरेपर्यंत उठू नये, किंवा रबरी ठिपके असलेले पायमोजे घालूनच उठावे.

वयपरत्वे नखे जाड आणि ठिसूळ होतात, वाढतात मात्र हळू. ती अंघोळीनंतर मऊ असताना, सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोलवर गोल कापले की नखाची कड मांसात रुतते आणि पुढचे कित्येक दिवस अंगठा टेकवणे नकोसे होते. नख एका दमात कापण्याऐवजी थोडेथोडे कापावे आणि धारदार कड कानशीने घासून घ्यावी. हात थरथरत असतील, नजर अधू असेल किंवा नख फार जाड असेल, तर हे काम दुसऱ्याकडे सोपवण्यात कमीपणा नाही.

घट्टे आणि भेगांसाठी वजरी वापरायची असल्यास ती ओल्या त्वचेवर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवावी. कुरुपावर ब्लेड चालवणे ही जुनी सवय सोडून द्यावी. कुरूप घालवणाऱ्या तयार पट्ट्यांमध्ये बहुधा सॅलिसिलिक आम्ल असते आणि ते निरोगी कातडीही जाळते. मधुमेह असेल, पायाला रक्तपुरवठा कमी असेल किंवा बधिरपणा असेल तर त्या पट्ट्या वापरू नयेत. कुरूप मुळात दाबामुळे होते, त्यामुळे दाब देणारे पादत्राण बदलल्याशिवाय ते पुन्हा येणारच.

पादत्राणे

बरेच ज्येष्ठ तरुणपणी ठरलेल्या नंबराचीच पादत्राणे घेत राहतात, पाऊल मात्र दरम्यान पसरलेले असते. म्हणून प्रत्येक खरेदीच्या वेळी दोन्ही पावले उभे राहून मोजावीत आणि मोठ्या पावलाच्या मापाची निवड करावी. पावलांवर दिवसभरात सूज चढते, त्यामुळे खरेदी दुपारनंतर करावी. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी राहायला हवी. बुटाच्या आतील तळ बाहेर काढता येत असेल तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहावे. पाऊल त्याच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, विक्रेता काहीही म्हणो.

सुरक्षित पादत्राणाची टाच रुंद आणि अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची असते, मागची बाजू अंगठ्याने दाबली असता सहज चेपत नाही आणि पाऊल नाडीने, पट्ट्याने किंवा चिकटपट्टीने जागच्या जागी धरले जाते. तळाला खाचा असाव्यात आणि त्या झिजल्या की पादत्राण बदलावे. तळाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे: गुबगुबीत, मऊ तळ पायाला सुखाचा वाटतो, म्हणून तो वृद्धांसाठी उत्तम मानला जातो. प्रत्यक्षात असा जाड आणि मऊ तळ जमिनीची खबर अडवून धरतो आणि तोल सांभाळणे अधिक कठीण करतो. तळ पातळसर आणि घट्ट असावा, हे सुरुवातीला कमी आरामदायक वाटले तरी.

घरात अनवाणी किंवा नुसत्या पायमोज्यांवर वावरताना पडण्याचा धोका वाढतो. मागून उघड्या सपातांचेही तेच, कारण त्या निसटू नयेत म्हणून बोटे आवळून, पाय घासत चालावे लागते आणि घासत जाणारा पाय पायपुसण्याच्या कडेला अडतो. घरात वापरण्यासाठी मागे पट्टा असलेले वेगळे जोड ठेवावे. पादत्राण घालण्याआधी आत हात फिरवून खडा, दुमडलेले अस्तर किंवा वर आलेला खिळा नाही ना, हे पाहावे.

बळ आणि तोल

तोल सरावाने सुधारतो, उतारवयातही. अनेक वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार व्यायामामुळे ज्येष्ठांमधील पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. त्यातही तोलाचे आणि स्नायूंच्या बळाचे व्यायाम विशेष उपयोगी आढळले. नुसते चालणे चांगलेच, पण त्यावर भिस्त ठेवू नये. जड, न सरकणाऱ्या टेबलाला धरून टाचा उचलणे आणि हळूहळू खाली आणणे, मग चवडे उचलणे, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून उभे राहणे, आणि बसल्या जागी पायाच्या बोटांनी रुमाल गोळा करणे, एवढ्याने सुरुवात होते. पूर्वी पडलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीने फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी.

आपण कुठे आहोत हे पाहायचे असेल तर खुर्चीतून उठून नेहमीच्या वेगाने ३ मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. या सगळ्याला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. ही चाचणी करताना शेजारी कोणीतरी उभे असावे.

काठी लागत असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बूट घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, इतकीच तिची उंची हवी. टोकाचे रबर झिजले की लगेच बदलावे.

घर, औषधे आणि नजर

घराबाबत थोडक्यात सांगता येईल, कारण हे बहुतेकांना ठाऊक असते, फक्त केले जात नाही. सुट्टी पायपुसणी काढावीत, वायरी भिंतीलगत न्याव्यात, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद उजेड ठेवावा, जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा आणि पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी असावी. न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेलचा दांडा शरीराचे वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो.

झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरील औषधे, रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधे यांमुळे तोल जाऊ शकतो. ती स्वतःहून बंद करू नयेत, पण सर्व औषधांची यादी वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे ठेवावी. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर भोवळ येण्याचे कारण तेच असू शकते. अशा व्यक्तीने पलंगावर उठून बसावे, पाय खाली सोडून घोटे काही वेळा वरखाली हलवावेत, डोके स्थिर वाटल्यावर उभे राहावे आणि दहापर्यंत अंक मोजून मगच पहिले पाऊल टाकावे. चष्मा दुहेरी नंबराचा असेल तर खालच्या भागातून पायऱ्या धूसर दिसतात. बाहेर चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा घ्यावा का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

पडल्यास

पडल्यावर घाईने उठू नये आणि इतरांनीही बगलेत हात घालून ओढू नये. आधी शांतपणे श्वास घेऊन कुठे दुखते हे पाहावे. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल किंवा खुब्यात तीव्र वेदना असेल, तर हाड मोडल्याचा संशय धरून हलवू नये, पांघरूण घालावे आणि मदत बोलवावी. इजा नसेल तर कुशीवर वळावे, हातांवर आणि गुडघ्यांवर येऊन भक्कम खुर्चीपर्यंत रांगावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, अधिक बळ असलेल्या पायाचे पाऊल पुढे टेकवून उठावे आणि वळून बसावे. एकट्याने राहणाऱ्यांनी फोन सदैव अंगावर बाळगावा, कारण तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्यास स्नायूंची आणि मूत्रपिंडांची हानी होऊ शकते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लागले नाही म्हणून पडल्याचे लपवण्याकडे अनेकांचा कल असतो. घरच्यांनी रागावणे टाळले तर सांगणे सोपे होते. कुठे, किती वाजता, काय करत असताना, पायात काय घातले असताना पडलो, आधी भोवळ आली की पाय अडखळला, आणि कोणते औषध नुकतेच सुरू झाले होते, हे त्याच दिवशी कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावे.