सिओनात एन्हान्सर टेस्ट करायचाय? मग आधी हे वाचा

जीन कधी आणि कुठे चालू होतो याची उत्क्रांती बघायची असेल तर झेब्राफिश किंवा उंदरापासून सुरुवात करू नका, तिथे एकेका जीनच्या दोन-चार कॉप्या आणि एन्हान्सर (जीन कधी-कुठे चालू व्हायचा ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) कुठेतरी लांब पडलेला. पाठीचा कणा नसलेले आपले नातेवाईक बरे, म्हणजे माशासारखा दिसणारा छोटा समुद्री प्राणी अ‍ॅम्फिऑक्सस, नाहीतर खडकाला चिकटून राहणारा पिशवीसारखा सी स्क्वर्ट (सिओना हा त्यातलाच).

जुनी मांडणी कशी होती हे बघायचं असेल तर अ‍ॅम्फिऑक्सस घ्या, त्याचा हॉक्स क्लस्टर (डोक्यापासून शेपटीपर्यंत कुठे काय बनायचं ते ठरवणाऱ्या जीन्सचा गट) एकच आणि अखंड, 15 जीन्स ओळीने. सी स्क्वर्टमधल्या सिओनात तोच क्लस्टर फुटून दोन क्रोमोसोमवर गेलाय, काही जीन्स तर गायबच. गंमत म्हणजे 2006 पासूनच्या जीनोम तुलनांमध्ये आपल्या जास्त जवळचे सी स्क्वर्टच निघालेत, त्यामुळे जवळचा म्हणजे जुन्यासारखाच असणार हे डोक्यातून काढून टाका.

पण हाताने प्रयोग करायचा तर सिओनाच. जीनोम आटोपशीर, त्यामुळे जीनच्या अलीकडचे एक-दोन हजार बेस (डीएनएची अक्षरं) आणि पहिला इन्ट्रॉन (जीनच्या मधला, प्रोटीनसाठी न वापरला जाणारा तुकडा) एवढं आधी बघा. सिओना रोबस्टा आणि सिओना सॅविग्नी या दोन जातींचं अलाइनमेंट करून, म्हणजे डीएनए शेजारी-शेजारी लावून, जुळणारे तुकडे उचला, माणसाशी लावत बसू नका, बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. 1997 मध्ये ब्रॅक्युरी या जीनचा फक्त 434 बेसचा तुकडा नोटोकॉर्डमध्ये (भ्रूणाच्या पाठीतला आधाराचा दांडा) जीन चालू करायला पुरला होता. तुमचा तुकडा लॅक-झेड (पेशी निळी दाखवणारा जीन) किंवा जीएफपीला (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडा, त्यात स्वतःचा प्रमोटर (जीन वाचायला जिथून सुरुवात होते तो भाग) नसेल तर मिनिमल, म्हणजे एकट्याने फारसं काही चालू न करणारा, प्रमोटर लावा आणि नुसत्या मिनिमल प्रमोटरचा कंट्रोल ठेवाच ठेवा.

मग अंडी. एकाच प्राण्यात अंडी आणि स्पर्म दोन्ही असतात पण स्वतःच्या स्पर्मने अंडी सहसा फळत नाहीत, म्हणून स्पर्म दुसऱ्याचे घ्या. फळल्यावर थायोग्लायकोलेट आणि प्रोटिएजने कोरिऑन (अंड्याभोवतीचं आवरण) काढा, नीट धुवा, 0.77 मोलर मॅनिटॉलमध्ये डीएनए मिसळून 4 मिमीच्या क्युव्हेटमध्ये (छोटी डबी) 50 व्होल्टचा 16 मिलिसेकंद पल्स द्या, या धक्क्याने डीएनए अंड्यात शिरतो. हे सगळं पहिलं विभाजन व्हायच्या आत, म्हणजे 18 अंशाला जेमतेम तासाभरात उरकायचं असतं, त्यामुळे डीएनए आणि क्युव्हेट आधीच मांडून ठेवा. कोरिऑन काढलेली अंडी प्लास्टिकला चिकटून फाटतात, अ‍ॅगरोज लावलेलीच प्लेट वापरा.

रंग वाचताना घाई नको. नोटोकॉर्डमध्ये 40 पेशी असतात पण डीएनए सगळ्यांत सारखा पोचत नाही, कुठे पाच निळ्या तर कुठे तीस, म्हणून एका सुंदर फोटोवर जाऊ नका, प्लेटमधले सगळे भ्रूण मोजा. मेसेनकाइममध्ये (भ्रूणातल्या सैल पेशींचा एक गट) थोडा निळा बऱ्याच कन्स्ट्रक्टना, म्हणजे जोडून बनवलेल्या डीएनएंना, येतो, तो मनावर घेऊ नका.

बाइंडिंग साइट (एन्हान्सरमधली प्रोटीन चिकटायची जागा) बदलून बघणार असाल तर एक सांगतो, साइट जास्त मजबूत केली म्हणजे एन्हान्सर सुधारला असं नसतं. 2015 मध्ये सिओनाच्या ओटीएक्स या जीनच्या एन्हान्सरवर हे दिसलं, ईटीएस आणि गाटा या प्रोटीनांच्या साइट पक्क्या केल्या तर जीन नको त्या पेशींतही चालू झाला. कमजोर साइट मुद्दामच तशा राहिलेल्या असतात, मला तर हे सगळ्यात भारी वाटतं.

शेवटी अदलाबदल, म्हणजे एका जातीचा एन्हान्सर दुसरीच्या भ्रूणात टाकून बघणं, आणि ती दोन्ही बाजूंनी करा. मॉल्गुला (दुसरा एक सी स्क्वर्ट) आणि सिओनाचे भ्रूण जवळपास सारखे, हृदयाच्या पेशीही त्याच वंशावळीतून येतात, तरी 2014 च्या कामात एकाचे बरेच एन्हान्सर दुसऱ्यात चाललेच नाहीत. म्हणून परक्या भ्रूणात रंग आला नाही तर लगेच "एन्हान्सर नाहीच" असं लिहून मोकळे होऊ नका, आधी तोच तुकडा त्याच्या स्वतःच्या भ्रूणात टाकून बघा.