अंगणातलं पाणी भिंतीपासून दूर कसं काढायचं

भर पावसात बाहेर पडून पाणी कुठे साचतं ते आधी पाहा. बहुतेकदा दोष उताराचाच निघतो. भिंतीपासून पहिल्या 10 फुटांत जमीन किमान 6 इंच उतरायला हवी. भरावाला चिकट माती घ्या, थर देत धुमसा. वाळू नकोच, तिच्यातून पाणी थेट पायाशी मुरतं. पन्हळीचा पाइपही भिंतीपासून 6 फूट दूर सोडा.

तरीही साचलं तर दीड फूट खोल, फूटभर रुंद चर खणा. दर 8 फुटांना 1 इंच उतार. त्यात जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड, 2 इंच खडी, मग 4 इंची सच्छिद्र पाइप. छिद्रं खालीच! वर केली तर पाणी पाइपाच्या माथ्यापर्यंत चढल्याशिवाय आत शिरत नाही. वरून खडी भरून कापड मिटा, नाहीतर गाळाने सगळं बुजतं. पाइपाचं तोंड सखल जागी उघडं ठेवा, जाळी लावून.