कात्री मुलींच्याच हातात द्या

शाळा सुटल्यावर मुलींचं विज्ञान मंडळ चालवायला घेतलेल्या नव्या ताई हमखास विचारतात, विच्छेदन घ्यायचं का आणि कशाचं? कोकणातल्या आमच्या मंडळाच्या अनुभवावरून सांगते: जरूर घ्या. मात्र शिकण्यासाठी एकही जीव मारायचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवीच्या प्राणिशास्त्रातूनही प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला सांगितलं, मग शाळकरी मुलींपुढे बेडूक ठेवायचं कारणच काय? मासळी बाजारात आणि मटणाच्या दुकानात येतं तेवढं आपल्याला पुरून उरतं.

पहिल्या दिवशी जास्वंद. एकेरी फूल घ्या; भरगच्च जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि मुली गोंधळतात. पाकळ्या पाच, टोकाच्या कुक्षी पाच. आता खालचा अंडाशय आडवा कापण्याआधी विचारा, आत किती कप्पे असतील? उत्तर वहीत लिहून घ्या, मगच कापायला सांगा.

नंतर बांगडा. आमच्याकडच्या कितीतरी मुली घरी मासे साफ करतात. कल्ले लालभडक असले की मासा ताजा, हे त्यांना आईकडून ठाऊक असतं. ते आधी त्यांनाच सांगू द्या, मग लाल का, ते विचारा. कल्ला कापून पाण्याच्या वाटीत सोडला की त्याचे बारीक तंतू मोकळे पसरतात. बाहेर उचलला की सगळे एकमेकांना चिकटतात. पाण्याबाहेर मासा का गुदमरतो, हे त्यातून उमगतं. कल्ल्याच्या कमानीला आतून कंगव्यासारखे लांब दाते असतात, त्यांनी बांगडा पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो.

बोकडाचा डोळा मला सर्वांत आवडतो. तो त्याच दिवशीचा हवा. भोवतीची चरबी काढून टाका आणि पांढऱ्या कवचाला टोकदार कात्रीने भोक पाडून तिथूनच गोल कापत जा. कवच चिवट असतं, त्यावरून ब्लेड सटकतं. पाणी उडतं, म्हणून चष्मे घालायला लावा. आतलं भिंग वर्तमानपत्रावर ठेवलं की अक्षरं मोठी दिसतात. मागच्या भागात नाजूक दृष्टिपटल हलकेच सरकतं, पण एका जागी धरलेलं राहतं. तिथूनच दृष्टिचेता बाहेर पडते आणि तोच आपला अंधबिंदू. पटल बाजूला केलं की खाली निळसर-हिरवा चमकदार थर दिसतो. रात्री बॅटरीच्या उजेडात शेळीचे डोळे लकाकतात ते या थरामुळे. माणसाच्या डोळ्यात हा थर नसतो.

हृदय आणायचं तर आदल्या दिवशीच दुकानात सांगून ठेवा: चीर देऊ नका, वरच्या नळ्या कापू नका. त्या नळ्यांतून बोट आत घालता आलं, तरच झडपांची दिशा कळते.

माझा एक आग्रह आहे. ताईने कापायचं आणि मुलींनी बघायचं, असं करू नका. मुलं-मुली एकत्र असतात तिथे मी बहुतेक वेळा हेच पाहिलं आहे: कात्री मुलाच्या हातात आणि आकृतीला नावं देण्याचं काम मुलीकडे. या मंडळात तरी तसं होता कामा नये. एका ताटाभोवती तिघी बसवा आणि धरणारी, कापणारी, चित्र काढणारी अशा पाळ्या बदलत ठेवा. नावं शेवटी सांगा. आधी काय दिसतंय ते त्यांच्या शब्दांत येऊ द्या. एखादीला मांसाला हात लावायचा नसेल तर तिला कारण विचारू नका. त्याच वेळी तिच्यासाठी भिजवलेला वाल आणि भिंग तयार ठेवा. पुढच्या वेळी ती आपणहून आली तर उत्तम, नाही आली तरी तिचं शिकणं थांबत नाही.

पालकांना आधी चिठ्ठी पाठवा आणि त्यात काय कापणार ते स्पष्ट लिहा. श्रावणात फुलं आणि बिया घ्या; मासे-मटण नारळी पौर्णिमेनंतरही घाईने आणू नका, बऱ्याच घरांत गणपती होईपर्यंत पाळतात. शाळेच्या फ्रिजमध्ये काही ठेवायचं नाही, बर्फाचा डबा वेगळा न्या. शेवटी कात्र्या मोजून घ्या, साबणाने हात धुवून घ्या आणि उरलेलं खोल खड्ड्यात पुरा. वरवर पुरलं तर कुत्री उकरतात आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे तक्रार जाते.